अर्धं सरांचं, अर्धं वर्गाचं

सरांना मुलं मागून 'जर-तर सर' म्हणायची आणि समोर नुसतं 'सर'. बॅटऱ्यांच्या दुकानावर एका खोलीत त्यांचा इंग्रजी व्याकरणाचा क्लास होता. पाच-सहा बाकं, एक फळा, खिडकीला अर्धा पडदा आणि जिना इतका अरुंद की वर जाणारा आणि खाली येणारा समोरासमोर आले की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. बाकीचे क्लासवाले काळ आणि प्रयोग उरकून प्रश्नपत्रिका सोडवायला घेत, तेव्हा सर सब्जंक्टिव्ह मूडवर, म्हणजे इंग्रजीतल्या जर-तरवर, ठाण मांडून बसलेले असत. पेपरात त्याला मार्क किती, तर चिमूटभर. पालक कुरकुरत, मुलं जांभया देत, पण सर हटायला तयार नसत. जे आहे ते कुठल्याही भाषेत कसंही सांगितलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. जे नाही, जे व्हायला हवं होतं, जे व्हावं असं वाटतं, ते सांगतानाच माणसाची जीभ अडखळते. म्हणून तेवढं व्याकरण पक्कं पाहिजे. एखादा आगाऊ मुलगा विचारायचा, 'आय'च्या पुढे 'वॉज' यायचं सोडून 'वेअर' कसं आलं, ते तर अनेकवचनाचं. सरांचं उत्तर ठरलेलं असे. नसलेली गोष्ट मागायला एकटा माणूस पुरत नाही बाबा, म्हणून इंग्रज 'आय'लासुद्धा गर्दीचं क्रियापद लावतो. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, सरांनी ते स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. पण ते इतक्या ठामपणे सांगत की मुलं मुकाट्याने वहीत उतरवून घ्यायची.

घरात मात्र जर-तरला सक्त मनाई. सरांची बायको, म्हणजे क्लासमधल्या यच्चयावत मुलांच्या काकू, घरी शिलाई मशीनवर कपडे दुरुस्त करून द्यायच्या. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, असली कामं. मशीन मारता मारता त्यांच्या तोंडून निघून जायचं की तेव्हा ती तळमजल्याची जागा घेतली असती तर आज हे जिने चढावे लागले नसते. सर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, असती-नसती क्लासमध्ये, घरात आहे तेवढंच बोल. वा रे न्याय! जगाला महिनाभर शिकवायचं आणि बायकोने एकदा उच्चारलं की गप्प बसवायचं.

लग्नानंतर नवीन नवीन त्यांनी काकूंनाही इंग्रजी शिकवायचा घाट घातला होता. तो पहिल्याच जर-तरला मोडला. काकूंनी हातातली सुई खाली ठेवून विचारलं होतं, "जे नाही त्याच्यासाठी आणखी एक आख्खी भाषा कशाला शिकू? मराठीत रडून झालं की पुरे." सरांना हसू आवरलं नव्हतं. पुस्तक मिटलं ते मिटलंच, पुढे कधी उघडलं नाही.

क्लासच्या खोलीत काकू कधी गेल्या नाहीत. दुपारचा डबा त्या खाली बॅटरीवाल्याकडे ठेवून यायच्या. कधी जिन्याच्या तोंडाशी घटकाभर थांबल्या तर वरून आवाज यायचा. आधी सरांचा हळू आवाज, मग टेबलावर डस्टर दोनदा आपटल्याचा, मग सगळ्या पोरांचा एकदम गलका. काकूंना वाटायचं, सर म्हणतात आणि पोरं तेच पुन्हा घोकतात. पोपटपंची, दुसरं काय, असं म्हणून त्या घरी जायच्या.

मग एका सकाळच्या बॅचला सर फळ्यापाशी पडले. मुलांनी आरडाओरडा केला, बॅटरीवाला धावत वर गेला, त्याने आणि मोठ्या मुलांनी सरांना कसंबसं त्या जिन्यातून उतरवलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. मग जाता जाता तेही एक वाक्य टाकून गेले, की जरा आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. काकूंच्या ते डोक्यात रुतून बसलं. बॅटरीवाला गळ्याला हात लावून शपथेवर सांगत होता की हाक ऐकल्या क्षणी तो वर पळाला. मग वेळ गेला कुठे? क्लासच्या एकाही मुलाने ते सांगितलं नाही, आणि सरांना बघायलाही कुणी फिरकलं नाही. इतकी वर्षं घसा फोडून शिकवलं आणि एका कार्ट्याला जिना चढवत नाही, याचं काकूंना फार वाईट वाटलं.

सर घरी आले ते उजवं अंग हॉस्पिटलात विसरून आल्यासारखे. आणि मराठी तर मुळापासून गेली. पाणी, चहा, दुखतंय, नको, यातला एक शब्द उरला नाही. काकूंना हाक मारायचं 'अगं' तेसुद्धा गेलं. उरलं होतं ते एवढंच:

"इफ इट वेअर संडे."

हे मात्र स्वच्छ, फळ्यापाशी उभं राहून म्हणावं तसं. म्हणून झालं की सर थांबायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोनदा टकटक करायचे. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा टकटक.

बोलायचं शिकवायला एक बाई यायच्या. कपाचं चित्र, कंगव्याचं चित्र, किल्लीचं चित्र. सर चित्राकडे बघायचे आणि म्हणायचे, इफ इट वेअर संडे. बाई समंजस होत्या. त्यांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की घोकून पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतं. कुणाचे आकडे राहतात, कुणाच्या प्रार्थना, बऱ्याच जणांच्या शिव्या. सरांच्या कप्प्यात शिव्या नव्हत्या, त्याला काय करणार. पण हे बोलणं नव्हे, याचा अर्थ लावत बसू नका, वाक्य मध्येच तुटतं ती आजाराचीच खूण आहे.

अर्थ लावू नका म्हणणं सोपं आहे. काकूंना संडे म्हणजे रविवार एवढं कळत होतं. त्या प्रत्येक वेळी सांगायच्या, "अहो, आज बुधवार आहे." सर टकटक करायचे. काकू पाणी आणायच्या. टकटक. उशी बदलायच्या, खिडकी उघडायच्या, लघवीचं भांडं लावायच्या. टकटक, टकटक. शेवटी सरांच्या कपाळाची शीर फुगायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. एकदा खरोखरच रविवार होता. काकू मोठ्या आशेने म्हणाल्या, "हो हो, आज रविवारच आहे!" सरांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की काकू स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि या माणसाला काय हवंय ते कळू नये. त्यांना स्वतःचा राग आला, सरांचाही आला.

त्यातच खांदा दगा देऊ लागला. आयुष्यभर मशीनवर वाकून काकूंचा उजवा खांदा आधीच कामातून गेला होता. पलंगावरून खुर्चीत घेताना एका सकाळी सरांचा भार त्यांना पेलवला नाही आणि दोघंही फरशीवर आली. काकूंना उठता येईना, सरांना हलता येईना. शेजारच्या बिऱ्हाडातल्यांना ऐकू जाईपर्यंत दोघं तशीच पडून होती. काकू छताकडे बघत हाका मारत होत्या आणि सर शेजारी पडल्या पडल्या रविवारचं अर्धं वाक्य म्हणत होते.

मुलगा दुसऱ्या शहरात विमा कंपनीत होता. तो धावत आला. पोरगा वाईट नव्हता, आईचा खांदा बघून त्याचंच तोंड उतरलं. त्याने चार ठिकाणी फिरून त्याच्या शहराजवळ एक संस्था शोधली. अंथरुणाला खिळलेल्यांची तिथे सोय होती, उचलायला माणसं, डॉक्टर, सगळं. पुढच्या महिन्यात एक पलंग रिकामा होणार होता. बायकोला किंवा नवऱ्याला सोबत राहायची मुभा नव्हती, भेटायला फक्त रविवारी. काकूंनी बरेच दिवस नाही-नाही म्हटलं आणि मग खांद्याने हो म्हणायला लावलं. प्रश्न राहिला सरांना सांगायचा. मुलगा म्हणाला की सांगून काय होणार, बाबांना कळतं कुठे, उगाच त्रास. काकूंनी मान हलवली. पण त्यांच्या मनाला ते पटलं नव्हतं. माणसाला विचारल्याशिवाय त्याला त्याच्या घरातून हलवायचं म्हणजे सामान हलवल्यासारखं झालं. आणि विचारावं, तर तो रविवार सोडून काही बोलत नाही. सरांनी नुसतं हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं, एवढंच काकूंना हवं होतं. हो म्हणाले तर त्यांचा जीव सुटला असता, नाही म्हणाले तर त्या खांदा मोडेपर्यंत उचलत राहिल्या असत्या.

कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. ते चालवणारी बाई सरांची फार जुनी विद्यार्थिनी, इंग्रजीत काठावर पास झालेली. काकूंना जिने होईनात तेव्हापासून ती स्वतःच गोळ्या आणून द्यायची, पण दारातूनच. सरांना असं बघवत नाही, म्हणायची. त्या दिवशी सुट्टे आणायला काकूंना स्वयंपाकघरात जावं लागलं, आणि दार उघडं राहिलं. आतून सरांचा आवाज आला, इफ इट वेअर संडे. टकटक.

"वी वुड बी ॲट होम," औषधवाली म्हणून गेली.

म्हणून गेली हेच खरं. तिला स्वतःलाच पत्ता नव्हता. डॉक्टरांनी गुडघ्याखाली ठोकलं की पाय उडतो, तसं ते तोंडातून उडालं. काकू सुट्टे घेऊन बाहेर आल्या तर पलंगावर सरांचा डावा गाल हसत होता. पडल्यापासून पहिल्यांदाच. आणि ते दुसरंच काहीतरी बोलले, इतक्या दिवसांत कुणी न ऐकलेलं.

"इफ आय वेअर टॉलर."

"आय वुड रीच द शेल्फ," औषधवाली म्हणाली, आणि पिशवी हातात धरून उंबऱ्यात रडायलाच लागली.

मग तिने काकूंना समजावून सांगितलं. सरांची शिकवायची रीतच तशी होती. वाक्य पूर्ण कधी म्हणायचे नाहीत. जर सरांचा, तर वर्गाचा. सर अर्धं म्हणून थांबायचे, डस्टर दोनदा आपटायचे, की सगळ्या वर्गाने उरलेलं म्हणायचं. वर्गाचं उत्तर येईपर्यंत सर पुढच्या वाक्यावर जायचेच नाहीत, मग तास संपला तरी चालेल. ठरलेली पाच वाक्यं होती, ठरलेल्या क्रमाने, दर वर्षी तीच. काकू ऐकत राहिल्या. म्हणजे वाक्य तुटत नव्हतंच. सर रोज सकाळ-संध्याकाळ वर्ग घेत होते आणि वर्ग दगडासारखा बसून होता. वर तोंड करून सांगत होता, आज बुधवार आहे.

त्या दिवसापासून काकूंची शाळा सुरू झाली. औषधवाली दुकान उघडायच्या आधी येऊन त्यांच्याकडून एकेक उत्तर घोटून घ्यायची. काकू तोंडात टाचण्या धरून मशीनवर बसायच्या आणि दातांच्या फटीतून पुटपुटायच्या, वी वुड बी ॲट होम. 'वुड' चुकलं की सर डोळे मिटून मान हलवायचे आणि टकटक करायचे, आणि काकू म्हणायच्या, बरं बाबा, पुन्हा म्हणते. अर्थ त्यांनी विचारला नाही. अर्थाविना जे चाललं होतं ते इतकं बरं चाललं होतं की त्याला हात लावायची भीती वाटायची. सर जेवू लागले. शीर फुगणं थांबलं. दिवसातून तीन-चारदा पाचही वाक्यं व्हायची, शेवटचं झालं की सर समाधानाने डोळे मिटायचे, तास संपला. शिकवणाऱ्या बाईसुद्धा चकित झाल्या, पण त्या पुन्हा म्हणाल्या की हे बोलणं नव्हे. काकू म्हणाल्या, नसेना. बोलणं असताना तरी आम्ही काय मोठं बोलत होतो!

गाडी यायला थोडेच दिवस उरले तेव्हा मात्र काकूंना राहवलं नाही. औषधवालीला त्यांनी पाटावर बसवावं तसं समोर बसवलं आणि अर्थ विचारले. ती सांगू लागली. आज रविवार असता, तर आपण घरी असतो. मी उंच असतो, तर माझा हात फळीला पोचला असता. यावर काकू हसल्या, कारण सर जेमतेम त्यांच्या कानापर्यंत यायचे. ती इथे असती, तर तिला कळलं असतं. मी तुझ्या जागी असतो, तर थांबलो असतो. एवढं सांगून औषधवाली घुटमळली.

"आणि पाचवं?" काकूंनी विचारलं. "इट इज नेसेसरी, दॅट ही बी टोल्ड. ते काय आहे?"

"ते जर-तरवालं नाही, पण मूड तोच. म्हणजे... त्याला सांगितलं गेलं पाहिजे. सांगणं भाग आहे."

इतके दिवस रोज तीन-तीनदा, सरांच्या तोंडासमोर बसून, काकूच त्यांना ठणकावून सांगत होत्या की याला सांगितलं पाहिजे. आणि सांगत तर काहीच नव्हत्या. सरांना कळलंय का गं, असं त्यांनी औषधवालीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, ते वाक्य मी शाळेत होते तेव्हापासून तेच आहे. सरांना कुठून कळणार?" पण ती काकूंच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. काकूंना वाटलं, हिला अजून काहीतरी सांगायचंय.

आणि होतंच. तिची भाची सरांच्या शेवटच्या बॅचला होती. सर पडले त्या सकाळी चौथं वाक्य चाललं होतं. सर म्हणाले, इफ आय वेअर यू, आणि थांबले. मुलांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, आय वुड वेट. सर तसेच उभे. तोंड किंचित उघडं, हातात डस्टर. मुलांना वाटलं, आवाज कमी पडला. मुलं पुन्हा म्हणाली, मोठ्याने. सर तसेच. मग तिसऱ्यांदा, बाकं वाजवून. आज सर ऐकून घेत नाहीत म्हणून मागची मुलं हसलीसुद्धा. सरांच्या थांबण्याचा वर्गाला इतका सराव होता की थांबलेले सर म्हणजे आपण चुकलो, एवढंच त्यांना ठाऊक. शेवटी सगळी शहाण्यासारखी हाताची घडी घालून वाट बघत बसली. डस्टर खाली पडलं तेव्हा कुठे पहिल्या बाकावरची किंचाळली.

"भाची अजून झोपेत दचकते," औषधवाली म्हणाली. "पोरं म्हणूनच येत नाहीत, काकू. तोंड दाखवायची लाज वाटते."

काकूंनी कुणाला शिव्या द्यायच्या? मनातल्या मनात इतके दिवस ज्या कार्ट्यांना त्या बोल लावत होत्या, ती बिचारी शिकवल्याप्रमाणे वागली होती. सरांनी त्यांना थांबायला शिकवलं आणि ती थांबली. पुढे काकूंनीही तेच केलं, फक्त उलट बाजूने. वर्गाने आजाराला थांबणं समजलं आणि घराने थांबण्याला आजार. काकूंना एकदम फार थकल्यासारखं झालं. भाचीला घेऊन ये, तिला म्हणावं काकू रागावलेल्या नाहीत, एवढं त्यांनी सांगितलं.

गाडी यायच्या आदल्या दुपारी मुलगा आला आणि सरांचे कपडे बॅगेत भरू लागला. काकूंनी आधी तास होऊ दिला. पाचही वाक्यं झाली. पाचव्याला त्यांचा आवाज चिरकला, पण सरांनी चालवून घेतलं. मग त्यांनी सरांचा डावा हात हातात घेतला.

"अहो, ऐका. माझ्याच्यानं आता तुम्हाला उचलवत नाही. उद्या गाडी येणार आहे. तिकडे माणसं आहेत, डॉक्टर आहेत. मी दर रविवारी येईन. तुम्हाला जायचं नसेल तर आत्ता सांगा. कसंही सांगा, मी समजून घेईन."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. डोळे स्वच्छ होते, ओळखीचे होते. काकूंना वाटलं, आता बोलणार. आणि सर बोलले.

"इफ आय वेअर यू."

आणि थांबले.

पाचव्यानंतर पहिलं यायचं, रविवारचं. इतक्या दिवसांत क्रम एकदाही मोडला नव्हता. काकूंनी वळून मुलाकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं. तो म्हणाला की आई, योगायोग आहे, अर्थ काढू नकोस. पण त्याचाही आवाज खात्रीचा नव्हता, आणि तो तोच शर्ट पुन्हा घडी घालू लागला. सरांनी दांडीवर दोनदा टकटक केलं. काकूंच्या ओठावर उत्तर होतं. घोटून घोटून पाठ झालेलं, झोपेत विचारलं तरी आलं असतं. पण आता त्यांना त्याचा अर्थ माहीत होता. थांबले असते. ते म्हटलं की थांबावं लागणार होतं, आणि थांबायला खांदा नव्हता. शिवाय कोण सांगावं, सर 'थांब' म्हणत होते की नुसता फळ्यापाशी अडकलेला तास पुरा करू पाहत होते. कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं तोच विचारत होता. सर टकटक करत राहिले, हात दमला तेव्हा बोटाने. काकू त्यांचा दुसरा, निकामी हात चोळत बसल्या. त्या दिवशी वर्गाने पहिल्यांदाच येत असलेलं उत्तर दिलं नाही.

सकाळी दोन माणसं खुर्ची घेऊन वर आली. सरांना पट्टा लावून त्यांनी जिन्याच्या वळणापर्यंत नेलं. तिथे सरांनी मान वळवून वर बघितलं. काकू दोन पायऱ्या वर, हातात औषधांची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"इफ आय वेअर यू," सर म्हणाले, आणि खुर्चीच्या हातावर टकटक केलं.

घाबरू नका आजोबा, काही होत नाही, असं त्या माणसांपैकी एक म्हणाला. भला माणूस होता. सरांनी पुन्हा टकटक केलं. खुर्ची पुढे हलेना, कारण आता सरांनी त्याच डाव्या हाताने कठडा घट्ट धरला होता. मुलगा खालून वर बघत होता. त्याला कठड्यावरून वडलांचा हात सोडवणं जमलं नसतं, आणि ते करायला कुणी त्याला सांगूही नये.

"आय वुड वेट," काकू म्हणाल्या.

'वुड' बरोबर आलं होतं. आवाज अगदी मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. सरांनी मान डोलवली. नेहमी चुकणाऱ्या विद्यार्थ्याला एकदाचं उत्तर आलं की डोलवायचे तशीच. मग त्यांनी कठडा सोडला आणि माणसांनी खुर्ची खाली नेली.

पहिल्या रविवारी काकू बसने गेल्या. संस्था खरंच चांगली होती. चादरी धुतलेल्या, खिडक्या मोठ्या, सरांची दाढी केलेली. पाठवतानाच काकूंनी तिथल्या सेविकेला फोनवर पाचही उत्तरं शिकवली होती आणि तिने हसून हो हो म्हटलं होतं. पण एका बाईच्या वाट्याला अख्खी खोली. तिने कुणाकुणाला पुरायचं? तिने खरं सांगितलं, की पहिले दोन दिवस आजोबा काहीतरी इंग्रजी म्हणायचे आणि दांडी वाजवायचे. मग थांबले. आता शांत असतात, काही त्रास नाही.

काकू स्टूल ओढून बसल्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, डावा हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला, पण तोंड उघडलं नाही. काकू वाट बघत राहिल्या. आजूबाजूला भेटायला आलेली माणसं बोलत होती, फळं कापत होती. काकूंनी औषधवालीचा निरोप सांगितला, भाची येऊन रडून गेली ते सांगितलं, जिन्याचा दिवा बदलला ते सांगितलं. सर ऐकत होते. की नव्हते, कोण जाणे.

मग काकूंनी जी बाजू त्यांना कुणीच शिकवली नव्हती, नुसती ऐकून पाठ होती, ती घेतली.

"इफ इट वेअर संडे," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. बोटाने दांडीवर दोनदा टकटक केलं.

सर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काकूंनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि पुन्हा टकटक केलं. शेजारच्या पलंगावरचे म्हातारे मघापासून बघत होते. त्यांना भेटायला कुणी आलं नव्हतं. त्यांना काकूंची दया आली असावी.

"अहो ताई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आज रविवारच आहे."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागल्या.